"सुई नको, एमआरआयच करा": एका स्तनातल्या दोन जागांचं प्रकरण

उजव्या स्तनात हाताला लागत होती ती गाठ साधी निघाली. त्याच स्तनात दुसरीकडे, जिथे हाताला काही लागत नव्हतं, मॅमोग्राफीत काही दिसत नव्हतं आणि पहिल्या सोनोग्राफीतही काही सापडलं नव्हतं, तिथे कॅन्सर निघाला. एमआरआयवर दोन्ही जागा उजळल्या होत्या. त्यातली कुठली कशी वाचली आणि वाचून झाल्यावरही दोन्हींत सुई घालून तपासायला तुकडे (बायोप्सी) का घेतले, ते सविस्तर लिहिते आहे, कारण ठाण्यात रेडिओलॉजीचं काम करताना "सुई नको, एमआरआयच करा" ही विनंती माझ्या कानावर सतत येते. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत.

तक्रार

ताई 44 वर्षांच्या, राहायला कळव्याला, नोकरी एका पतपेढीत. आंघोळ करताना उजव्या स्तनाच्या वरच्या, काखेकडच्या भागात गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी ती मनावर घेतली नाही. मग गौरी-गणपतीची गडबड सुरू झाली. गणपतीला आलेल्या नणंदेपाशी विषय निघाला, आणि विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी ती वहिनीला घेऊन सर्जनकडे गेली. गाठ दुखत नाही म्हणजे काळजीचं कारण नाही, हा समज फार खोल रुजलेला आहे. प्रत्यक्षात स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही.

सर्जनच्या चिठ्ठीवर फक्त गाठीचा उल्लेख होता. मॅमोग्राफीच्या आधी आमच्या टेक्निशियननं नेहमीचा प्रश्न विचारला: "ताई, बोंडातून काही येतं का?" ताई गप्प राहिल्या. नणंद बाहेर जाऊन बसली तेव्हा हळूच म्हणाल्या, "ब्राच्या आतून कधीकधी तपकिरी डाग दिसतो. मला वाटलं घामाचा असेल." हलकेच दाबून पाहिलं, तर उजव्या बोंडावरच्या एकाच बारीक छिद्रातून गडद लालसर थेंब आला. बाकी छिद्रं कोरडी, डावी बाजूही कोरडी.

या एका उत्तरानं प्रकरणाची दिशा बदलली. दोन्ही बाजूंनी, अनेक नलिकांतून, दाबल्यावरच येणारा हिरवट किंवा दुधी स्राव बहुधा काळजीचा नसतो. एकाच स्तनातून, एकाच नलिकेतून, आपोआप येणारा रक्तासारखा किंवा पाण्यासारखा स्वच्छ स्राव मात्र तपासावाच लागतो. अशा स्रावाचं सगळ्यात नेहमीचं कारण नलिकेतला पॅपिलोमा, म्हणजे साधीच वाढ. पण काही जणींत त्यामागे कॅन्सर असतो, आणि बाहेरून दोन्हींतला फरक कळत नाही.

मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी

मॅमोग्राफीत स्तनाची घनता 'डी' होती, म्हणजे चार पायऱ्यांतली सगळ्यात दाट. दाट ऊतक एक्स-रेवर पांढरं दिसतं आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे तिथे गाठ लपते. कॅल्शियमचे संशयास्पद कण नव्हते. सोनोग्राफीत उजव्या स्तनात घड्याळाच्या दहाच्या जागी 17 मिमीची लांबट गोल गाठ दिसली. कडा बहुतेक स्पष्ट, पण एका बाजूला जरा पुसट. बोंडामागच्या नलिका किंचित रुंद, आत काही नाही.

गाठीला मी बायरॅड्स 4ए दिलं. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या या पद्धतीत 3 म्हणजे कॅन्सरची शक्यता 2 टक्क्यांपर्यंत, 4 म्हणजे 2 ते 95 टक्के आणि 5 म्हणजे 95 टक्के किंवा जास्त. चौथी पायरी इतकी रुंद आहे की तिचे ए, बी, सी असे भाग करावे लागले. 4ए म्हणजे 2 ते 10 टक्के. रिपोर्टवर "4" वाचून चौथ्या स्टेजचा कॅन्सर समजून रडत आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. हा आकडा संशयाचा आहे, स्टेजचा नाही. रिपोर्ट हातात देताना हे तोंडी सांगायलाच हवं.

4ए गाठीची बायोप्सी करायची हे ठरलेलंच असतं. प्रश्न स्रावाचा होता. ती गाठ बोंडापासून लांब होती आणि तिच्याकडे जाणारी रुंद नलिका दिसत नव्हती. म्हणजे दोन तक्रारींची कारणं दोन असू शकत होती, आणि दुसरं कारण दोन्ही तपासण्यांत सापडलं नव्हतं. संशयास्पद स्राव आहे पण मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीत त्याचं उत्तर नाही, अशा वेळी स्तनाचा एमआरआय खरोखर उपयोगी पडतो. सर्जनशी बोलून तो करायचं ठरवलं.

ताईंच्या यजमानांना हे ऐकून हायसं वाटलं. "बरं झालं मॅडम. एमआरआयमध्ये कळतंच की सगळं. सुई लावली की पसरतो म्हणतात." त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, एमआरआय सुईच्या ऐवजी नाही, सुईच्या आधी आहे. सुई आधी टोचली तर आत थोडं रक्त साकळतं आणि तेच एमआरआयवर गोंधळ घालतं, म्हणून हा क्रम. दुसरी गोष्ट पसरण्याची. सुईच्या वाटेवर काही पेशी सांडल्याची उदाहरणं आहेत, पण त्यामुळे बायकांचं आयुष्य घटतं असा पुरावा नाही. निदानाशिवाय केलेलं ऑपरेशन किंवा निदान टाळून घालवलेले महिने यांचा तोटा मात्र कुठल्याही कॅन्सर सर्जनला रोज दिसतो.

एमआरआयच्या आधी आणि आत

तारीख ठरवायला पाळीची तारीख लागते. पाळी चालू असलेल्या बाईच्या स्तनातलं निरोगी ऊतकही काँट्रास्ट (एमआरआयच्या वेळी शिरेतून दिलेलं औषध) घेऊन उजळतं, आणि पाळीच्या आधीच्या दिवसांत ते जास्त उजळतं. पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसात ही पार्श्वभूमी सगळ्यात शांत असते. ताईंनी घरच्या कॅलेंडरवर खूण केलेली होती, त्यामुळे हिशोब सोपा गेला आणि आठवडाभरानंतरचा दिवस दिला. यजमानांना उद्याच हवा होता. कॅन्सरचं निदान झालेलं असेल तर मीही पाळीसाठी थांबत नाही. पण इथे शोध घ्यायचा होता, आणि गढूळ पार्श्वभूमीवर शोध घेऊन नको त्या चार जागा उजळलेल्या दाखवण्यात अर्थ नव्हता.

किडनीचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहिला. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढलं. मंगळसूत्राच्या वाटीमागे सेफ्टी पिन अडकवलेली होती. सिस्टरनं ती मुद्दाम शोधून काढली. सोनं चुंबकाला दाद देत नाही, पण पोलादी पिन त्या खोलीत उडते.

ही तपासणी पालथं झोपून होते. पलंगावर दोन पोकळ्या असलेली खास कॉइल असते, स्तन त्यात मोकळे लोंबतात, कपाळ आणि छातीचं हाड उशीवर टेकतं. हाताला सलाइनची सुई आधीच लावलेली असते. आवाज मोठा, म्हणून कानाला बंद. पहिला फेरा काँट्रास्टशिवाय, मग गॅडोलिनियमचं औषध. वजनाच्या दर किलोला 0.1 मिलिमोल, म्हणजे नेहमीच्या अर्धा मोलर औषधात साठ किलोच्या ताईंना 12 मिली. पंप ते सेकंदाला 2 मिली या वेगानं सोडतो आणि मागून सलाइन ढकलतो. हातात गार लागतं. त्यानंतर साधारण दीड-दीड मिनिटाच्या अंतरानं तोच भाग पुन्हा पुन्हा टिपला जातो. आधीचं चित्र नंतरच्यातून वजा केलं की फक्त उजळलेलं तेवढं उरतं. वजाबाकी असल्यामुळे मधे हललं की सगळं बिघडतं. ताई तसूभरही हलल्या नाहीत.

दोन उजळलेल्या जागा

काँट्रास्ट का उजळतो ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वाढणाऱ्या गाठीला रक्त लागतं, म्हणून ती नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. कॅन्सरच्या गाठीतल्या या वाहिन्या घाईनं बांधलेल्या आणि गळक्या असतात. औषध त्यांतून भराभर बाहेर येतं, आणि तितक्याच लवकर परतही जातं. ऐंशीच्या दशकात जर्मनीत सिल्विया हेवांग आणि वेर्नर कायझर यांनी गॅडोलिनियम देऊन स्तनाचा एमआरआय करून दाखवला तो याच जोरावर. पण साध्या गाठींनाही रक्त लागतं. त्यामुळे "उजळली" एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कशी उजळली, किती वेगानं, कुठल्या आकारात आणि पुढे काय झालं, हे पाहावं लागतं.

वेळेनुसार उजळण्याचा आलेख काढला की तीन प्रकार दिसतात. पहिल्यात रेघ शेवटपर्यंत चढत राहते. दुसऱ्यात चढून सपाट होते. तिसऱ्यात चढून खाली उतरते. 1999 मध्ये बॉनला क्रिस्टियाने कूल आणि सहकाऱ्यांनी 266 जागांचे असे आलेख प्रसिद्ध केले. कॅन्सरपैकी 57 टक्के तिसऱ्या प्रकारात, 34 टक्के दुसऱ्यात आणि 9 टक्के पहिल्या प्रकारात होते. साध्या गाठींपैकी 83 टक्के पहिल्या, 11.5 टक्के दुसऱ्या आणि 5.5 टक्के तिसऱ्या प्रकारात. उतरती रेघ दिसली की रेडिओलॉजिस्टचे कान टवकारतात ते यामुळे. पण हे आकडे उलट्या बाजूनंही वाचायचे असतात: 9 टक्के कॅन्सर निवांत चढत राहतात, आणि साध्या गाठींतल्या 17 टक्के तशा वागत नाहीत. ताईंच्या दोन्ही जागा नेमक्या या अपवादांत बसणाऱ्या होत्या.

पहिली जागा म्हणजे हाताला लागणारी गाठ. दुसऱ्या मिनिटाच्या आत ती दुपटीहून जास्त उजळली आणि मग रेघ सपाट झाली. नुसता आलेख पाहिला असता तर धसकाच बसला असता. पण आकार लांबट गोल, कडा चारी बाजूंनी स्वच्छ, अगदी सोनोग्राफीत पुसट वाटलेली बाजूसुद्धा. टी-टू चित्रात, म्हणजे पाणी पांढरं दिसणाऱ्या एमआरआयच्या चित्रात, ती पांढरी चमकत होती. आणि उजळलेल्या भागातून न उजळणाऱ्या काळ्या बारीक भिंती गेलेल्या होत्या. स्वच्छ कडांच्या, टी-टूवर चमकणाऱ्या गाठीत अशा काळ्या भिंती म्हणजे फायब्रोॲडेनोमाची, स्तनातल्या नेहमीच्या साध्या गाठीची, जवळजवळ सहीच. टी-टूची चमक एकटी असती तर मी तिच्यावर विसंबले नसते, कारण म्युसिनस (आत चिकट द्रव असलेला) कॅन्सर किंवा मधोमध सडलेला आक्रमक कॅन्सरही तसाच चमकतो. इथे कडा, भिंती आणि चमक तिघी एकच सांगत होत्या. डिफ्युजन चित्रातून पाण्याच्या हालचालीचा जो एडीसी आकडा मिळतो, तो 1.8 होता. कॅन्सरमध्ये पेशी दाटीनं असतात, पाण्याला हलायला जागा कमी, म्हणून तो आकडा साधारणपणे 1.3 च्या खाली जातो. इथे जागा भरपूर होती.

दुसरी जागा गाठ नव्हतीच. बोंडामागून खालच्या, आतल्या बाजूला, घड्याळाच्या चार-पाचच्या दिशेनं 38 मिमीचा त्रिकोणी पट्टा उजळला होता, टोक बोंडाकडे. आत एकसंध उजेड नव्हता; एकमेकांना खेटून बसलेली बारीक कडी दिसत होती. उजेड मध्यम वेगानं आला आणि रेघ शेवटपर्यंत सावकाश चढत राहिली. म्हणजे पहिला प्रकार, पुस्तकात साध्या गाठींच्या रकान्यात बसणारा. डाव्या स्तनात, किंवा उजव्यातच इतरत्र, असं काहीच नव्हतं. डावा स्तन पूर्ण शांत.

इथे आलेख बाजूला ठेवून शरीररचना आठवायची. स्तनातल्या नलिका झाडासारख्या बोंडाशी एकत्र येतात. त्रिकोण आणि त्याचं टोक बोंडाकडे, याचा अर्थ एकाच नलिकेच्या सगळ्या फांद्यांत काहीतरी भरलं आहे. पार्श्वभूमीचं साधं उजळणं असं एकाच नलिकेपुरतं थांबत नाही, आणि बहुधा दोन्ही स्तनांत सारखं असतं. ती कडी म्हणजे भरलेल्या नलिकांभोवती साचलेला काँट्रास्ट. नलिकेच्या आतच असलेल्या कॅन्सरला, ज्याला आम्ही डीसीआयएस म्हणतो, स्वतःची जोरदार रक्तवाहिन्यांची यंत्रणा असेलच असं नाही. तो नलिकेबाहेरच्या वाहिन्यांवर जगतो. म्हणून त्याचा आलेख पुष्कळदा निरुपद्रवी दिसतो, आणि अशा पसरट उजळण्यात आलेखाला कमी आणि मांडणीला जास्त वजन द्यावं लागतं. शिवाय ज्या बाजूनं रक्ताचा थेंब येत होता तीच ही बाजू. या जागेला 4सी लिहिलं, म्हणजे शक्यता 50 टक्क्यांच्या वर.

दाट स्तनात कॅल्शियम नसलेला डीसीआयएस मॅमोग्राफीला चुकतो, हे नवं नाही. कूल यांच्याच गटानं 2007 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये 167 डीसीआयएसची नोंद दिली: त्यातले 93 मॅमोग्राफीत दिसले होते, 153 एमआरआयवर.

सुई

इतकं वाचून झाल्यावर यजमानांनी विचारलं, "म्हणजे वरची साधी, खालची वाईट. मग सुई कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे.

वरच्या गाठीत सुई घातली, कारण 44 व्या वर्षी हाताला नव्यानं लागलेली, सोनोग्राफीत एक कड पुसट असलेली गाठ फक्त चित्रावर सोडायची माझी तयारी नव्हती. खालच्या जागेत तर घालावीच लागणार होती. 4सी म्हणजे बहुधा कॅन्सर, आणि "बहुधा" या शब्दावर कुणाच्या स्तनावर सुरी चालवायची नसते. पॅपिलोमाचा पुंजकाही असा दिसू शकतो. आपल्याकडे आणखी दोन नावं कायम डोक्यात ठेवावी लागतात: ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस (स्तनाला येणारी एक प्रकारची सूज) आणि स्तनाचा क्षयरोग (टीबी). दोन्ही कॅन्सर नव्हेत, पण एमआरआयवर हुबेहूब कॅन्सरसारखे उजळतात. पेशी बघितल्याशिवाय टीबीची गोळी की ऑपरेशन हे ठरवणं म्हणजे बाईच्या शरीराशी जुगार.

एमआरआयवर दिसलेली जागा सोनोग्राफीत पुन्हा शोधायची असते. आता कुठे बघायचं ते माहीत होतं. चारच्या जागी, बोंडापासून दोन बोटं अंतरावर, एक नलिका जराशी वेडीवाकडी आणि आत राखाडी भरण असलेली सापडली. पहिल्या दिवशी याच भागावरून प्रोब फिरवला होता. एवढ्या सूक्ष्म बदलाकडे बोट दाखवायला एमआरआय लागला. ती सापडली नसती तर एमआरआयच्या आतच बायोप्सी करावी लागली असती, आणि ती सोय मोजक्याच ठिकाणी असते.

वरच्या गाठीतून 14 गेजच्या सुईनं तुकडे घेतले. खालच्या जागेतून व्हॅक्यूमच्या जाड सुईनं, म्हणजे जास्त ऊतक मिळतं. दोन्हीकडे आधी भूल दिली. खालच्या जागेत तिळाएवढी टायटॅनियमची क्लिप ठेवली आणि ताईंना पुन्हा दोन मिनिटं एमआरआयमध्ये घालून क्लिप त्या त्रिकोणातच बसली आहे ना, ते पाहिलं. ही पायरी अनेकदा वेळ नाही म्हणून गाळली जाते. मला ती सगळ्यात मोलाची वाटते. सोनोग्राफीत दिसलेली नलिका आणि एमआरआयवरचा त्रिकोण एकच आहेत याचा दुसरा पुरावा नसतो. सुई शेजारी लागली आणि रिपोर्ट "साधं" आला, तर बाई निर्धास्त होऊन घरी जाते आणि आजार तिथेच राहतो.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. वरची गाठ फायब्रोॲडेनोमा, आतला भाग मऊ, पाणीदार. टी-टूवर चमकत होती ती त्यामुळेच. खालची जागा डीसीआयएस, हाय ग्रेड (म्हणजे पेशी जास्त आक्रमक दिसणारा), हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनला दाद देणारा).

पुढचा निर्णय

रिपोर्ट सांगताना नणंद शेजारी होती. ताईंनी पहिलं विचारलं, "म्हणजे कॅन्सर आहे की नाही?" आहे, पण नलिकेची भिंत ओलांडून बाहेर पडलेला नाही. डॉक्टरी भाषेत शून्य स्टेज. यावर नणंद म्हणाली, "वहिनी, मग काढून टाकू, संपलं." घरात बोलणं पूर्ण स्तन काढण्यापर्यंत गेलं होतं. इथे एमआरआयचा दुसरा उपयोग झाला: आजार एकाच भागात आहे, दुसरीकडे कुठे नाही, डावा स्तन स्वच्छ आहे. त्यामुळे सर्जनला स्तन राखण्याचा पर्याय विश्वासानं देता आला.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर चित्र अर्धवट राहील. कॅन्सरचं निदान झालेल्या प्रत्येकीचा ऑपरेशनआधी एमआरआय केला तर फायदा होतोच असं नाही. ब्रिटनमध्ये 1,623 बायकांवर झालेल्या 'कॉमिस' चाचणीत (2010) एमआरआय केलेल्या आणि न केलेल्या दोन्ही गटांत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण 19 टक्केच होतं. प्रत्येक उजळलेला ठिपका नवी बायोप्सी, नवी धाकधूक आणि कधीकधी विनाकारण काढलेला स्तन घेऊन येतो. ताईंना एमआरआय लागला तो स्रावाचं उत्तर मिळत नव्हतं म्हणून. नुसती गाठ असती तर सरळ सुई आणि काम झालं असतं, खर्चही वाचला असता.

ऑपरेशन नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात झालं. त्या दिवशी सकाळी क्लिपच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक तार घालून सर्जनला हद्द आखून दिली. काढलेल्या भागात डीसीआयएस 34 मिमीचा भरला, एमआरआयच्या मापाच्या जवळ. भिंत ओलांडलेली कुठेही नाही, आणि सगळ्या कडा 2 मिमीपेक्षा जास्त मोकळ्या. नंतर रेडिएशन झालं, आता टॅमॉक्सिफेन ही हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी सुरू आहे. फायब्रोॲडेनोमा तसाच ठेवला. "ती हाताला लागणारी का नाही काढली?" असं यजमानांनी तेव्हाही विचारलं. बायोप्सी आणि चित्र दोन्ही एकच सांगत असतील तर साधी गाठ राहू द्यायला हरकत नसते. वर्षाच्या मॅमोग्राफीबरोबर तिचं माप घेतलं जाईल.

पन्नाशीच्या आत डीसीआयएस निघाल्यामुळे ताईंना जनुकीय समुपदेशनाला पाठवलं आहे आणि रक्ताचा नमुना गेला आहे. बीआरसीए या जनुकात (स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा) दोष निघाला तर दरवर्षी मॅमोग्राफीबरोबर एमआरआयही लागेल. त्यांची मुलगी 19 वर्षांची आहे. तिची सोनोग्राफी करून टाकू का, असं ताईंनी फोनवर विचारलं होतं. आईचा रिपोर्ट येईपर्यंत तिला कुठल्याही तपासणीची गरज नाही, असं कळवलं आहे.